पेव्हर ब्लॉक खचतात ते खालच्या थरामुळे

मा. संपादक,

दिवाळी उरकली की सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉकच्या गाड्या येऊ लागतात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच डबकी साचतात. सभेत चर्चा होते ती रंगाची, झिगझॅग की आय शेप याची आणि चौरस फुटाच्या दराची. ब्लॉकखाली काय घालणार, हे कोटेशनमध्ये ‘बेडसह’ (बेड म्हणजे ब्लॉकच्या लगेच खालचा वाळूचा थर) एवढ्या एका शब्दात आटोपलेले असते. पाणी मुरते ते इथेच.

ब्लॉकची निवड तशी सोपी आहे. पायवाटेला, दुचाकी आणि मोटारींना ६० मिमी जाडीचा, एम-३५ प्रतीचा ब्लॉक चालतो (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो). पण आवारात रोज टँकर येत असेल तर ८० मिमी, एम-४० घ्यावा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच दहा टन असते. रबरी साच्यातला चकचकीत ब्लॉक उतारावर पावसात घसरडा होतो, तिथे यंत्रावर दाबलेला खरबरीत ब्लॉकच हवा. माल उतरवण्याआधी एक ब्लॉक चांगला वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा करा. २०० बाय १०० बाय ८० मिमीचा ब्लॉक साधारण पावणेचार किलो भरतो. त्याने सव्वादोनशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायले तर तो परत पाठवावा, कारण भारतीय मानकानुसार सरासरी पाणीशोषण सहा टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

खरे काम जमिनीत असते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती निदान दीड फूट काढून मुरूम भरावा लागतो. मुरूम एकदम ओतून वर रोलर फिरवला तर फक्त वरचे चार बोट दबते. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी आणि रोलर, मग खडीचा थर. पाइप किंवा केबलसाठी खणलेले चर तर थराथराने धुम्मस केल्याशिवाय, म्हणजे ठोकून दाबल्याशिवाय, बुजवूच नयेत. आवारात पन्हाळीसारखा लांबट खळगा बहुधा अशा चरांवरच पडतो. पाण्याचा उतारही, मीटरला दोन सेंटिमीटर, याच थरात काढायचा.

गडबड होते ती नेमकी इथे. खडीचा थर वरखाली राहिला की मिस्त्री ती उणीव बेडमध्ये भरून काढतो: एका जागी एक इंच, दुसरीकडे चार इंच. ब्लॉक लावले त्या दिवशी सगळे सपाट दिसते, पण जाड बेड जास्त दबतो आणि खळगा पडतो. बेड सगळीकडे सारखा, सुमारे ३० मिमी हवा. त्या हिशेबाने हजार चौरस फुटांना दाबल्यानंतर एक ब्रास (शंभर घनफूट) भरते, सैल माल त्याहून थोडा जास्त लागतो. बेड धुतलेल्या क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा असावा. स्वस्त म्हणून क्रशरची डस्ट घालतात, तिच्यातली भुकटी पाणी धरून ठेवते आणि चाकाच्या दाबाने चिखल होऊन सांध्यांतून वर येते.

चारी कडांना काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब, म्हणजे कडेचे आधाराचे दगड, आधी हवेत, नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. वाहनांच्या जागी हेरिंगबोन (एकमेकांना काटकोनात अडकवलेली) मांडणी, सांधा दोन ते चार मिमी. मॅनहोलभोवती ब्लॉकचे बारीक तुकडे कोंबण्यापेक्षा तेवढी पट्टी काँक्रीटने भरावी. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने दाबणारे यंत्र) दोनदा फिरवायचा, आधी नुसत्या ब्लॉकवर आणि मग सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून. सांध्यांत सिमेंटची स्लरी ओतणे हा तर शुद्ध वेडेपणा! ती तडकते आणि पुढे पाइप दुरुस्तीला ब्लॉक उचलायचा तर फोडावाच लागतो.

पदाधिकाऱ्यांनी कोटेशनमध्ये मुरूम, खडी आणि बेडची दाबल्यानंतरची जाडी वेगवेगळी लिहून घ्यावी, आणि ब्लॉक बसण्याआधी खडीच्या थरावर दोरी ताणून दर दहा फुटांवर टेपने माप घ्यावे. या मापाशिवाय दुसरा हप्ता देऊ नये.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे