क्रम मोडू न देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह आता पाकिटांत लागल्या. सभा, मोर्चे, बहात्तरच्या दुष्काळातली खडीची कामं, गिरण्यांचे गेट, सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा... १९६० नंतरचा महाराष्ट्र सोलापुरातून कसा दिसला, ते सगळं त्यांत आहे. फोटोखाली अण्णांचं नाव लागेलच. पण त्यांच्या डार्करूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाचे आभार चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे जाहीर पत्र.

पाकीट बदला, क्रम बदलू नका, ही तुमची पहिली अट. पुढारी एका खोक्यात, देवधर्म दुसऱ्यात, अशी वाटणी करायचा मोह कुणालाही होतो. पण एकाच रोलवर १२ जानेवारीचं, १९३१ साली त्याच दिवशी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांना अभिवादन, पुढे सिद्धेश्वर यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघालेले नंदीध्वज, मग अक्षता, होम, दारूकाम असं ओळीने येतं. यात्रेतल्या विधींचा क्रम ठरलेला, त्यामुळे फ्रेमच्या नंबरावरून दिवस लागतो. निगेटिव्हच्या पट्ट्या विषयवार फोडल्या की तो आधार गेला. तुम्ही आणखी एक गोम सांगितलीत: पाकिटावरची तारीख बिलाची असते, फोटो काढल्याची नव्हे. रोलचे छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय तो धुवायचा नाही, ही त्या काळची काटकसर. म्हणून मंत्र्यांचा दौरा आणि कुणाचं तरी बारसं एकाच पाकिटात निघतं, आणि दौरा पाकिटावरच्या तारखेच्या कितीतरी आधीचा असू शकतो.

तारीखच नसेल तर फोटोतल्या भिंतींवरची निवडणूक चिन्हं वाचायला तुम्ही शिकवलंत. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंतची, गाय-वासरू १९७१ च्या निवडणुकीपासून, हाताचा पंजा १९७८ पासून. कमळ दिसलं की १९८० किंवा त्यानंतरचं. मात्र रंगवलेली भिंत वर्षानुवर्षं तशीच राहते. त्यामुळे चिन्हावरून फोटो कधीच्या आधीचा नाही एवढं कळतं, कधीच्या नंतरचा नाही ते कळत नाही. हा फरक नोंदीत ठेवायचा तुमचा हट्ट अगदी रास्त होता. आता प्रत्येक फोटोला दोन रकाने आहेत: अण्णांनी पाकिटावर लिहिलेलं जसंच्या तसं एकात, आपण काढलेला अंदाज कारणासकट दुसऱ्यात. एकावर दुसऱ्याची दुरुस्ती करायची नाही.

पेट्या उघडताना तुम्ही आधी वास घ्यायला लावलात. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजू लागली. त्यातून सुटणारं ॲसिड कुजण्याचा वेग वाढवतं आणि शेजारच्या पट्ट्यांनाही लागतं. आपल्या चाळिशीपार उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत हे फार झपाट्याने होतं. अशा पट्ट्या वेगळ्या काढायच्या, पण त्यांच्या जागी रोल नंबर, फ्रेम नंबर आणि कुठे ठेवल्या याची चिठ्ठी घालायची, म्हणजे क्रम शाबूत. फ्रीजसारख्या थंड जागी ठेवायच्या तर सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव धरतं. रबरबँड आधी फेका, त्यातलं गंधक फिल्मवरच्या चित्रातली चांदी काळी पाडतं. पीव्हीसीची चकचकीत पाकिटं इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थराला चिकटतात. पॉलिप्रॉपिलिन किंवा आम्लमुक्त कागद बरा.

बुरशी लागलेली पट्टी पाण्याने धुवायची नाही, हे तर प्रत्येक जुन्या स्टुडिओच्या दारावर लिहून ठेवावं. चित्र धरून ठेवणारं जिलेटिन बुरशीने खाल्लं की पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. उन्हाळ्यातले काही रोल पिवळट का, तेही तुम्हीच सांगितलंत: पाणी जपून वापरायचे दिवस, धुणं आटोपतं घेतलेलं, हायपो, म्हणजे चित्र पक्कं करायचं रसायन, आत राहिलेलं. गावाची पाणीटंचाई निगेटिव्हवरही उमटली म्हणायची! अशा पट्ट्या पुन्हा धुवायच्या भानगडीत न पडता आधी स्कॅन करायच्या.

स्कॅनिंगमध्ये धूळ काढायची इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवावी लागते. चांदीच इन्फ्रारेड अडवते, आणि यंत्र ती धूळ समजून चेहऱ्यावरचे बारकावे पुसतं. हाताने दाबायचा हवेचा ब्लोअर आणि मऊ ब्रश, बस्स. ३५ मिमीला ४००० पीपीआय (इंचाला ४००० ठिपके) धरलं तर सोळा बिटची कृष्णधवल टिफ फाइल साधारण ४३ एमबीची होते, तेवढी जागा हवीच. पट्टी उलटी बसली का ते पाहायला दुकानांच्या मराठी-कानडी-तेलुगू पाट्या आहेत, आणि पाटी नसेल तर पदर कोणत्या खांद्यावर ते बघायचं, हीही तुमचीच युक्ती.

लग्नांच्या पट्ट्या तुम्ही बंद ठेवायला लावल्यात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा, असं कॉपीराइट कायदाही म्हणतो. कायदा नसता तरी तुम्ही तेच केलं असतंत.

रंगीत निगेटिव्ह अजून उघडलेल्या नाहीत. त्यातल्या दोन गठ्ठ्यांवर पेन्सिलीने कानडीत काहीतरी लिहिलंय, ते तुमच्याशिवाय लागणार नाही. येत्या रविवारी सकाळी गठ्ठे घेऊन घरी येतो. भिंग आणू, चहा तुमचा.

आपली,
पाकिटं लावणारी मंडळी
सोलापूर