ओम सुट्टीला येण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुढच्या शनिवारी ओमला घेऊन डिचोलीला येतेय. सोप्याचा कठडा आणि मागचा फणस त्याची वाटच बघत असतील. चढू दे, खेळू दे. फक्त एक गोष्ट फोनवर घाईत सांगण्यापेक्षा लिहून पाठवते.

तो उंचावरून पडला आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाला, तर लगेच उचलू नका. आई, तुझा हात आधी खोबरेल तेलाकडे जातो, ठाऊक आहे मला. लचक भरली, चोळलं की उतरेल, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण मणक्याला मार असेल तर चोळल्याने, मान वळवून बघितल्याने इजा वाढू शकते.

लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू कच्चे, सांध्यांचे बंध सैल. त्यामुळे साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना मणक्याचा मार बसलाच, तर तो बहुधा मानेत, वरच्या मणक्यांना. मणके सरकून परत जागेवर येतात, आतल्या मज्जारज्जूला मात्र तो ताण सोसत नाही. म्हणून एक्स-रे चांगला येऊनही आत इजा असू शकते. १९८२ सालापासून डॉक्टर तिला वेगळ्या नावाने ओळखतात. तिच्यासाठी एमआरआय लागतो.

आमच्या वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी आली होती. स्वतः चालत आली, रडतही नव्हती. पण दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं सावरून बसलेली, आणि हाक मारली की मान न वळवता अख्खं अंग वळवायची. आईला वाटलं, घाबरलीय. मार मानेलाच होता. मूल गप्प आहे म्हणजे त्याला लागलं नाही, असं समजू नका.

मान तिरकी धरणं, पाय टाकायला नकार, हातात जोर नसणं, हातापायांना मुंग्या, शू अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. काही वेळा हे दोन-तीन दिवसांनीही दिसतं, तेव्हा पडल्यानंतर लक्ष असू द्या.

पडला तिथेच राहू दे. एकाने डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार द्या, दुसऱ्याने १०८ ला फोन करा. उठायची धडपड करू लागला तर दाबून धरू नका, बोलून शांत करा. पाणीसुद्धा नको. उलटी आलीच तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघांनी मिळून कुशीवर वळवा. शेजाऱ्यांच्या गाडीत, मांडीवर घेऊन गोमेकॉच्या इस्पितळात धावू नका, रुग्णवाहिका येऊ दे.

आणि बाबा, स्कूटरवर त्याला पुढे उभं करून बाजारात नेऊ नका, प्लीज. त्याचं हेल्मेट मी आणतेय, मागे बसवून न्या.

तुमची,
माई