लाल खुर्चीतली बाई

वडोदरा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा मी चित्राचा फोटो पाठवला तर तुम्ही म्हणालात, बाई तर रुसून बसलीये, त्यात काय एवढं. तेव्हा शाळेला निघायची घाई होती, आता सावकाश लिहिते.

ते सेझान या फ्रेंच चित्रकाराचं आहे, 1877 च्या आसपासचं, बोस्टनच्या म्युझियममध्ये असतं. बाई म्हणजे ऑर्तांस, त्याची बायको, खरं तर तेव्हा लग्न झालंच नव्हतं, मुलगा मात्र पाच वर्षांचा, आणि पैसे बंद करतील या भीतीनं सेझाननं दोघांनाही वडिलांपासून लपवून ठेवलेलं. लग्न केलं ते थेट 1886 ला. म्हणून बरेच जण म्हणतात की बिचारी दुःखी आहे, चेहऱ्यावरच दिसतंय.

मला नाही पटत ते. वोलार म्हणून एक चित्रं विकणारा होता, त्यानं लिहून ठेवलंय की त्याचं चित्र काढायला सेझाननं त्याला 115 वेळा बसवलं, सफरचंदासारखं बस म्हणायचा, सफरचंद हलतं का, आणि एवढं करून चित्र अर्धवटच सोडलं. ऑर्तांसची तर त्यानं तीसच्या आसपास पोर्ट्रेट्स केली! इतके तास स्थिर बसलं की कोणाचाही चेहरा असाच होणार.

आता फोटो मोठा करून गाल बघा. हिरवट डाग दिसतील, मागच्या भिंतीच्या कागदातला तो पिवळसर हिरवा रंगच गालावर उतरलाय, आणि स्कर्टच्या पट्ट्यांतपण तोच खेळ चाललाय. तो तिचा मूड शोधतच नव्हता हो, भिंत, लाल खुर्ची, बाई, सगळं तितक्याच मन लावून बघत होता.

आई, तुला आठवतं? फाइन आर्ट्सच्या दुसऱ्या वर्षाला मी सुट्टीत इंदूरला आले आणि तुला गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत तीन दुपारी बसवलं, कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी तू हलली नाहीस, मलाच म्हणालीस, गॅस बंद करून ये. मग बाबा बघून म्हणाले, आई अशी कुठे दिसते, ही तर चिडलीये, आणि मी तो कागद फाडून टाकला. बाबा, तुमच्यावर राग नाहीये, मलापण तेव्हा तसंच वाटलं. पण चेहरा बरोबर आला होता गं आई, तू माझ्यासाठी श्वाससुद्धा जपून घेत होतीस, तेच आलं होतं त्यात.

दिवाळीत येतेय. परत बसशील? पाठीला उशी देईन, अर्ध्या अर्ध्या तासानं उठवीन, आणि कुकर बाबा बघतील.

तुमची,
ताई