आई, हे म्हातारपण नाही

उपसाला, स्वीडन
१७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल ऑपरेशनचा विषय निघताच तू म्हणालीस, "आता या वयात कशाला गळा चिरून घेऊ? राहिले ते दिवस काढीन मी," आणि फोन मनूकडे दिलास. मला पुढे बोलताच आलं नाही. फोनवर मी रडले की तू मलाच समजावत बसतेस, म्हणून हे लिहिते आहे. मनू, जेवणं झाली की आईला सावकाश वाचून दाखव.

आई, तुझी हाडं वयाने झिजलेली नाहीत, गळ्यातली एक ग्रंथी बिघडल्यामुळे झिजली आहेत. गेली चार वर्षं तू "हाडं दुखून राहिली बाई" म्हणायचीस आणि मी इथून सांगायचे, कॅल्शियमच्या गोळ्या घे. दोनदा मुतखडा झाला, तर आपण सगळ्यांनी नागपूरच्या उन्हाळ्यावर ढकललं; पाणी कमी प्यालीस म्हणून तुलाच रागावलो. मे महिन्यात कूलरमध्ये पाणी ओतायला अर्धी बादली उचललीस आणि हात मोडला. प्लास्टर घातलं, पण अर्ध्या बादलीने हाड मोडतंच कसं, हे तिथे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. ते मला फार लागलं आहे. जबड्यात गाठ आली नसती आणि त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवून रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगितलं नसतं, तर आपण अजून गोळ्याच देत बसलो असतो.

मी डॉक्टर नाही, पण गेले तीन आठवडे हेच वाचते आहे. गळ्यात थायरॉइडच्या मागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या पॅराथायरॉइड. थायरॉइडशी त्यांचं नातं शेजाराचं, काम अगदी वेगळं. रक्तात कॅल्शियम किती हवं ते त्या बघतात. कमी पडलं की हाडांतून काढून देतात, पुरेसं झालं की थांबतात. आजीच्या घरची कणगी आठव. घरातलं सरलं की कणगीतून पायली काढायची, आणि डबे भरले की झाकण लावायचं. तुझ्या चारांपैकी एक ग्रंथी वाढली आहे आणि ती झाकण लावतच नाही. तुझं कॅल्शियम ११.८ आलं, ते साधारण साडेदहाच्या आत हवं. त्या ग्रंथीचा हार्मोन ६५ पर्यंत चालतो, तुझा ७४० आहे. डबे ओसंडून वाहताहेत आणि कणगी उपसणं चालूच आहे. जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जाताना खडे करतं, आणि हाडात रिकाम्या झालेल्या जागी तंतू भरतात, पोकळ्या होतात. म्हणूनच तुझ्या बोटांच्या एक्स-रेत हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या.

जबड्यातली गाठही त्यातलीच. तो कॅन्सर नाही, आई. हे वाक्य मनू तुला दोनदा वाचून दाखवील. हाड पोखरलं जातं तिथे थोडं थोडं रक्त झिरपून गाठ तपकिरी होते, म्हणून तिला ब्राऊन ट्यूमर म्हणतात. ग्रंथी काढली की अशा गाठी बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप आटतात.

इथे हा आजार बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतो, हाडांपर्यंत पोचायच्या आत. आपल्याकडे तो उशिरा कळतो, आणि ड जीवनसत्त्व कमी असलं की हाडांचं नुकसान आणखी वाढतं. तुझं ९ निघालं! नागपूरसारख्या गावात! इथे आता दुपारी सव्वातीनलाच सूर्य मावळतो, तरी दुधात ड जीवनसत्त्व घालूनच विकतात. आणि तू ऊन चुकवायला दिवसभर खिडक्या लावून बसतेस.

एक गोष्ट तुला सांगायचीच होती. माणसातल्या या ग्रंथी पहिल्यांदा नीट ओळखल्या त्या मी राहते त्याच गावात. इव्हार सांडस्ट्रोम नावाच्या, वैद्यकी शिकणाऱ्या मुलाला १८७७ मध्ये एका कुत्र्याच्या गळ्यात त्या दिसल्या. मग त्याने माणसांत शोधल्या आणि १८८० मध्ये लिहून छापलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १८८९ मध्ये, जेमतेम ३७ वर्षांचा असताना, तो गेला. या ग्रंथी काय करतात हे त्याला कधीच कळलं नाही. कामावर जाताना रोज विद्यापीठावरून जाते, तेव्हा आता त्याची आठवण येते. पुढे १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी ट्राममधल्या एका कंडक्टरच्या गळ्यातून अशीच वाढलेली ग्रंथी काढली. त्याचीही हाडं अशीच पोखरली होती. त्याचं दुखणं कमी झालं, तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी त्याचा आजार परतला, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण तेव्हा रक्तातला हार्मोन मोजता येत नव्हता आणि कोणती ग्रंथी बिघडली ते दाखवणारा स्कॅनही नव्हता. तुझ्या स्कॅनमध्ये डावीकडची खालची ग्रंथी स्पष्ट दिसते आहे. सरावलेल्या हाताने केलेल्या या ऑपरेशननंतर शंभरातले पंचाण्णव आणि त्याहून जास्त लोक बरे होतात.

ऑपरेशनमध्ये आवाज जाईल ही तुझी भीती खरी आहे. आवाजाची नस तिथूनच जाते. म्हणून मनू, सर्जनना स्पष्ट विचार की ही ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात. विचारायला संकोच नको. आणि हे नीट लक्षात ठेव: ऑपरेशननंतर भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतात. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या किंवा हातात गोळे आले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठव. आईची हाडं फार रिकामी झाली आहेत, तेव्हा हे होईल असंच धरून चल. त्या वेळी कॅल्शियम द्यावंच लागतं, पण डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढंच. आत्ता चालू असलेली कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली त्यांना दाखवल्याशिवाय एकही गोळी देऊ नकोस.

आई, मी ५ डिसेंबरला सकाळी पोचते. तोवर बादली, कुकर, गव्हाचा डबा, काही म्हणजे काही उचलायचं नाही. टेकडीच्या गणपतीलाही एकटीने जायचं नाही, मी आल्यावर जाऊ. मनू, मोरीतली ती सरकणारी चटई आजच काढून टाक.

तुझी,
माई

ता. क. संत्राबर्फी आणून ठेवू नका. सीताबर्डीवर मी आईबरोबर जाऊन घेईन.