जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी मोफत सॉफ्टवेअरचा विचार व्हावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तेव्हापासून तालुक्याच्या गावांतील वाचनालयांना, शाळांना, पतसंस्थांना आणि घरी संगणक वापरणाऱ्यांनाही दुकानदार एकच सल्ला देताना दिसतात, तो म्हणजे जुना संगणक काढून नवा घेण्याचा. हा सल्ला अर्धाच खरा आहे. अपडेट थांबले म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, आणि इंटरनेटला जोडलेल्या यंत्रासाठी ही बाब गंभीर आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक धडधाकट असूनही अपात्र ठरतात. घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने सुरक्षा-अपडेटसाठी एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली, पण तिने प्रश्न सुटत नाही, फक्त पुढे जातो.

एका अनुदानित सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने माझे म्हणणे असे आहे की, आमच्यासारख्या संस्थांनी नव्या खरेदीची कोटेशने मागवण्याआधी आहे त्या यंत्रांवर मोफत आणि मुक्त परवान्याची (म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतील अशी) सॉफ्टवेअर चालवून पाहावीत, आणि शासनाने त्यासाठी स्पष्ट मार्गदर्शन करावे.

सुरुवात सॉफ्टवेअरने नव्हे, तर एका छोट्या सुट्या भागाने करावी लागते. जुना संगणक संथ चालतो तेव्हा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. टास्क मॅनेजर उघडल्यावर काहीही काम चालू नसताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला दिसला, तर निदान तेथेच झाले. त्या जागी साधी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, तर सुरू व्हायला काही मिनिटे घेणारे यंत्र मिनिटाच्या आत कामाला लागते. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे. काढलेली हार्ड डिस्क टाकून देऊ नये. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिची प्रकृती तपासावी आणि ती ठणठणीत असल्यास यूएसबीच्या बाहेरील कव्हरात घालून बॅकअपसाठी वापरावी. सभासदांची नोंद, दाखलनोंदवही आणि हिशेब यांची दुसरी प्रत अनेक संस्थांकडे नसते, आणि ती नसल्याचे संगणक बिघडल्यावरच लक्षात येते.

विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मी सुचवीन. ती चार जीबी रॅमवर समाधानकारक चालते आणि तिचा चेहरामोहरा विंडोज वापरलेल्या माणसाला परका वाटत नाही. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, त्यासाठी डिस्कवरील काहीही पुसावे लागत नाही. असा पेनड्राइव्ह रुफस किंवा व्हेंटॉय या मोफत साधनांनी तयार होतो. मात्र येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की लिनक्स सर्वांच्या सोयीचे नाही. हिशेबाचे टॅली, मराठी टंकलेखनाचे श्रीलिपी आणि डिजिटल स्वाक्षरीच्या डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) चालणारी अनेक कामे विंडोजवर बेतलेली आहेत, आणि आपल्याकडे सरसकट दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर लिनक्सला जोडणे कटकटीचे आहे. म्हणून हिशेबाचा एक संगणक विंडोजवर ठेवून वाचकांसाठीचे आणि देवघेवीचे संगणक लिनक्सवर नेणे हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो. सगळे एका दिवसात बदलायचा हट्ट धरणारे उत्साही लोकच अशा प्रयोगांचे जास्त नुकसान करतात.

या विषयाची एक नाजूक बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. दुरुस्तीला दिलेला संगणक परत येतो तेव्हा त्यात मायक्रोसॉफ्टचे 'ऑफिस टाकून दिलेले' असते. त्याचा परवाना कोणाकडे आहे हे ना दुकानदार सांगतो, ना आपण विचारतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही संगणकप्रणाली वापरणे हा गुन्हा आहे; त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर धंद्यासाठी वा नफ्यासाठी नसल्यास न्यायालय शिक्षेत सवलत देऊ शकते, हे खरे. तरीही सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्या सवलतीच्या भरवशावर राहणे शोभत नाही. शिवाय असे सॉफ्टवेअर 'ॲक्टिव्हेट' करण्यासाठी पुष्कळदा अँटिव्हायरस बंद करायला लावतात. अनोळखी माणसाने दिलेला प्रोग्राम पहारा उठवून चालवायचा, आणि नंतर त्याच यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे, यातील धोका वेगळा समजावून सांगायला नको.

पत्रे, तक्ते असे आपले नेहमीचे काम लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित होते. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झालेला हा प्रकल्प आज द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था सांभाळते. त्याचे मेनू मराठीत करून घेता येतात, आणि वर्डच्या फायली त्यात उघडतात. गुंतागुंतीचे तक्ते कधीकधी सरकतात, म्हणून बाहेर पाठवायचे पत्र पीडीएफ करून पाठवणे बरे. फायली गुंडाळण्यासाठी आणि उलगडण्यासाठी सेव्हन-झिप, चित्रफितींसाठी व्हीएलसी आणि पीडीएफ वाचण्यासाठी सुमात्रा एवढ्यात विंडोजवरील साध्या वापरकर्त्याची गरज भागते. छायाचित्रांसाठी गिंप आहे, पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

वाचनालयांना याहून मोलाची वाटावीत अशी दोन साधने मात्र फारशी कोणाला माहीत नाहीत. पहिले नॅप्स२. साध्या स्कॅनरवर पाने टाकत गेले की ते त्यांची एकसंध पीडीएफ करते आणि टेसरॅक्ट या मुक्त साधनाच्या मदतीने छापील मजकूर ओळखून तो शोधता येईल असा करते. टेसरॅक्टची सुरुवात १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये झाली, २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि आज ते मराठीही वाचते. पान पिवळे पडले असेल किंवा खिळे झिजलेल्या छपाईचे असेल, तर जोडाक्षरांत चुका होतात आणि मुद्रितशोधन करावेच लागते. तरी जुने वार्षिक अहवाल आणि स्मरणिका यांत एखादे नाव शोधायचे असेल, तर एवढ्यानेही पुष्कळ काम हलके होते.

दुसरे साधन एनव्हीडीए हे आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी घडवला. त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले. त्याच्यासोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठी वाचतो. तो यांत्रिक आहे, कानाला गोड नाही, पण सवयीने समजतो. अशा कामाची विकत मिळणारी साधने छोट्या संस्थेच्या आवाक्याबाहेर असतात. प्रत्येक तालुका वाचनालयाने निदान एका विंडोज संगणकावर एनव्हीडीए आणि एक हेडफोन ठेवावा, एवढी मागणी करण्यात काहीच अवघड नाही. अर्थात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर एनव्हीडीएला मराठी म्हणून कळतच नाही, त्यामुळे नवे लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, हवे. युनिकोडमध्ये टंकण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आधीपासून असतो, त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

ग्रंथालयाच्या नोंदींसाठी 'कोहा' ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली अनेकदा सुचवली जाते. ती भक्कम आहे, पण तिला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. शासनाच्या वर्गवारीत 'क' किंवा 'ड' असलेल्या छोट्या वाचनालयाने तिच्या मागे लागण्यापेक्षा लिब्रेऑफिसच्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये नीट स्तंभ आखून युनिकोडमध्ये यादी करावी. ती यादी पुढे कोणत्याही प्रणालीत नेता येते.

मोफत साधने घेताना ती मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत, कारण शोध घेतल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतील मोठमोठी 'डाउनलोड' बटणे पुष्कळदा भलतेच काही गळ्यात मारतात. २०२२ मध्ये व्हीएलसीचे मूळ संकेतस्थळच भारतात काही महिने बंद होते आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. अशा वेळी गरजू माणूस साहजिकच मिळेल तेथून प्रत घेतो, म्हणून संकेतस्थळे बंद करण्याचे निर्णय घेताना त्यांची कारणे जाहीर व्हायला हवीत.

शासनाला यात नव्याने धोरण शोधावे लागणार नाही. केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले. केरळने आपल्या सरकारी शाळांमधील संगणक शिक्षण कित्येक वर्षांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि ते टिकवले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिस, लिनक्स, गिंप यांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही मोफत उपलब्ध केले आहेत. एवढे सगळे हाताशी असताना अनेक शासकीय पदांसाठी आवश्यक असलेल्या एमएस-सीआयटीची ओळख मात्र विंडोज आणि एमएस ऑफिस यांच्याशीच जोडलेली राहिली आहे. एका कंपनीची बटणे पाठ केलेला उमेदवार दुसरा पडदा समोर आला की बिचकतो, आणि मग कार्यालयेही बदलायला धजावत नाहीत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात लिब्रेऑफिसचा प्रत्यक्ष सराव समाविष्ट करावा. शासकीय अर्ज व नमुने केवळ वर्डच्या फायलीत न देता पीडीएफ आणि ओडीएफ (लिब्रेऑफिसच्या फायलींचे मूळ स्वरूप) या खुल्या स्वरूपांतही द्यावेत. आणि ग्रंथालय संचालनालयाने संगणकाच्या दुरुस्तीचा, विशेषतः एसएसडी व रॅम वाढवण्याचा खर्च अनुदानातून करता येईल की नाही, याबाबत निःसंदिग्ध परिपत्रक काढावे. तसे परिपत्रक नसल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येईल या धास्तीने संस्था नवा संगणक घेणेच सुरक्षित मानतात. पुढील आर्थिक वर्षाची अंदाजपत्रके तयार होण्याआधी ते निघाले, तर त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एका तालुका वाचनालयाचा कार्यवाह,
जि. सातारा