बाबा, पंधराचं इंजिन घेऊ नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

दादाचा फोन आला होता. होडीला पंधरा एचपीचं इंजिन बघून ठेवलंय, आता फक्त बाबांनी हो म्हणायचं, असं म्हणाला. फोनवर मी सांगायला लागले की बाबा ‘बरं बरं’ म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून हे लिहितेय. चष्मा लावून वाचा.

आपली होडी 18 फुटी. त्यातली 16 फूट पाण्याला टेकते असं धरा. अशा जड, पोटानं पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. नाक वर, मागची बाजू खाली, आणि पेट्रोल भसाभसा. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात एका एचपीवर माग चालतो. तिथे तीनची मोटार बसवली म्हणून टॉवेल जास्त निघत नाहीत. तुम्ही दोघं, जाळी आणि चिलापी माशांचे क्रेट एवढ्याला पाच-सहा एचपी पुरतं, समोरून वारा असला तरी. सपाट बुडाची हलकी फायबरची होडी असती तर पंधरा शोभलं असतं. दादाला पुढे तशी घ्यायची असेल तर तेव्हा घेईल की.

माझा खरा मुद्दा वजनाचा आहे. चोरीच्या भीतीनं इंजिन रोज संध्याकाळी काढून घरी आणायचं, ते कोण आणणार? पंधराचं फोर-स्ट्रोक 50 किलोच्या आसपास भरतं, सहाचं 27च्या. दादा हप्त्यातले चार दिवस करमाळ्याला असतो. म्हणजे चिखलातून ते बाबाच उचलणार, आणि कमरेचं कुणाला सांगणारही नाहीत. टू-स्ट्रोक हलकं मिळतं हे खरं, पण पेट्रोलमध्ये ऑईल मिसळत बसा, धूर खा. मला नाही पटत.

आई, 2024च्या मे महिन्यात उजनी धरणात कुगाव-कळाशीची बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून तुझ्या मनात मोठं इंजिन म्हणजे भक्कम असं बसलंय. तसं नसतं गं. मागच्या फळीवर जास्त वजन लटकलं की ती बाजू दबते आणि पाठीमागून येणारी लाट सरळ आत शिरते. जीव वाचवायचा तर उरलेल्या पैशांत दोन लाइफ जॅकेट घ्या, आणि नुसती होडीत ठेवू नका, अंगात घाला. इंजिनाला एक लाल दोरी येते, ती मनगटाला अडकवायची. माणूस पडला की इंजिन आपोआप बंद होतं. बाबांना तिची अडचण होईल, तरी तू त्यांच्या मागे लाग.

दुकानदार एचपी सांगेल, इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या दांड्याची लांबी विचारल्याशिवाय सांगायचा नाही. आखूड दांडा 15 इंची, लांब 20 इंची. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता घरघरतो. फार खाली गेली तर उन्हाळ्यात उजनी उतरल्यावर बाभळीचे बुंधे आणि जुन्या गावाच्या भिंती आहेतच. पंखा मात्र कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरकी असलेला मागा, ओझं ओढायला तोच बरा. जाळं गुंडाळलं तर इंजिन बंद करूनच हात घालायचा, हे बाबांना सांगायला नको, दादाला सांगा.

बाबा, मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून बुडापर्यंत टेपनं मोजा आणि इंच मला कळवा. अंदाज नको, आणि दादाकडून मोजून घेऊ नका, तो पंधराच्या हिशोबानं मोजेल. रविवारी मला सुट्टी आहे, आकडा आला की दुकानात मीच बोलते.

तुमची लेक
सोलापूर