पोहण्याच्या शिकवणीचे व्हिडिओ: आधी विचारा, मग टाका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावांवर पोहण्याचे वर्ग भरतात आणि त्यांच्या मागोमाग त्या वर्गांचे व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर फिरू लागतात. कठड्याशी उभा असलेला पालक आपल्या मुलाचे चित्रीकरण करतो, त्यात प्रशिक्षकाची शिकवणी जशीच्या तशी येते, शेजारच्या चार मुलांचे चेहरे येतात, आणि गावी परतताना एसटीत बसल्या बसल्याच तो व्हिडिओ कुठेतरी टाकलाही जातो. ज्याने शिकवले त्याला, किंवा त्या चित्रीकरणात आलेल्या इतर मुलांच्या घरच्यांना, कोणी एका शब्दाने विचारलेले नसते. या न विचारण्याविषयी मला आपल्या पत्राद्वारे काही मांडायचे आहे.

असे व्हिडिओ टाकूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात आणि गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडेही पाण्याची हीच गत आहे. जुन्या मालगुजारांच्या काळातले माजी मालगुजारी म्हणजेच मामा तलाव, बोड्या (लहान तळी), विहिरी, कालवे आणि वैनगंगेचे पात्र मुलांच्या रोजच्या वाटेवर असते. वाण आहे ती शिकवणाऱ्याची. पूर्वी बाप किंवा काका पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पोराला विहिरीत सोडत, पुढे ट्रॅक्टरची ट्यूब आली, आणि आता शेतकामाच्या धबडग्यात तेवढी सवडही घरच्यांना उरलेली नाही. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी 1914 पासून शारीरिक शिक्षणाचे काम करणारी संस्था आहे, परंतु अर्जुनी मोरगाव किंवा धानोऱ्याच्या खेड्यातल्या मुलाने रोज तिथे कसे जावे? त्याच्या हाती मोबाईलच आहे, आणि पाठीवर कसे तरंगावे हे नीट दाखवणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या खरोखर उपयोगाचा आहे. म्हणूनच तो व्हिडिओ कोणाच्या संमतीने आणि कोणत्या स्वरूपात बाहेर गेला, हे पाहिले पाहिजे.

पहिली गल्लत होते ती चित्रीकरणाची परवानगी आणि प्रसाराची परवानगी यांत. "सर, एक व्हिडिओ घेऊ का?" असे पालक विचारतो आणि सर "घ्या ना, घरी सरावाला कामी येईल" असे म्हणतात, तेव्हा त्यांनी घरच्या सरावापुरती मुभा दिलेली असते. वर्गाच्या पालकांचा ग्रुप त्याहून मोठा, गावाचा ग्रुप आणखी मोठा, आणि यूट्यूबला तर सीमाच नाही. या प्रत्येक पायरीवर पुन्हा विचारावे लागते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. फी भरली म्हणजे शिकवणी आपली झाली, असा एक समज त्यामागे आहे. फी भरली ती आपल्या मुलाला शिकवण्याची. शिकवणाऱ्याचा आवाज, त्याची पद्धत आणि त्याचा चेहरा आपल्या चॅनेलवर लावण्याची नव्हे.

प्रशिक्षकाला विचारणे हा केवळ मानापानाचा भाग असता तर मी एवढे लांबलचक पत्र लिहिले नसते. शिकवणीचा कोणता तुकडा एकटा बाहेर गेला तर घातक ठरेल, हे तोच सांगू शकतो. आमच्याकडच्या एका ग्रुपवर फिरलेल्या व्हिडिओत सात-आठ वर्षांचा मुलगा पाण्यात तोंड घालून पाय मारताना दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की त्याला पोहता येऊ लागले आहे. नीट न्याहाळले तर त्याच्या पोटाखाली पाण्यात प्रशिक्षकाचा पंजा पसरलेला अंधूक दिसतो आणि दुसरा हात हनुवटीशी तयार असतो. मोबाईलच्या लहानशा पडद्यावर हे कोणाच्या लक्षात येणार? त्यापुढचा भाग, म्हणजे सरांनी हात काढताच पोर घाबरून त्यांच्या गळ्यात पडते तो, कापून टाकलेला आहे, कारण टाकणाऱ्याला आपला मुलगा चार लोकांत चांगला दिसायला हवा होता.

याहून गंभीर उदाहरण श्वास रोखण्याच्या सरावाचे आहे. तयारीच्या मुलांकडून पाण्याखालून अंतर कापण्याचा सराव करून घेतला जातो तेव्हा प्रशिक्षक काठावरून नजर ठेवतो आणि पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नका, असे बजावतो. तसे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटणे हे मुख्यतः त्या वायूच्या वाढीवर अवलंबून असल्याने ती जाणीवच उशिरा होते, तोवर प्राणवायू संपत येतो, आणि चांगला पोहणारासुद्धा हातपाय न झाडता पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो. हा इशारा व्हिडिओ सुरू होण्याआधी दिलेला असतो, म्हणून तो व्हिडिओत नसतो. पाहणाऱ्याला दिसते ती फक्त पाण्याखालून सरकणारी सावली आणि ऐकू येतात त्या टाळ्या.

आणि पाहणारा कुठे आहे? जलतरण तलावात पाणी स्वच्छ असते, तळ दिसतो, उथळ भाग ठरलेला असतो, धरायला कठडा असतो आणि जीवरक्षक हाकेच्या अंतरावर असतो. मामा तलावात गढूळ पाण्यामुळे हातभर खालचे दिसत नाही, शिंगाड्याचे वेल आणि कमळाचे देठ पायांत अडकतात, गाळ काढताना झालेले खड्डे पाण्याखाली दडलेले असतात आणि गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोक्यावर पाणी येईल तिथे पडते. विहिरीचे तर बोलायलाच नको. प्रशिक्षकाला आधी दाखवले असते तर त्याने एकतर तो तुकडा टाकू दिला नसता, नाहीतर त्याला इशारा जोडायला लावला असता. न विचारता टाकलेल्या व्हिडिओवर त्याचे नाव मात्र असते आणि उद्या काही अघटित घडले तर लोक बोट त्याच्याकडेच दाखवतील.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये सादरकर्त्याची जी व्याख्या आहे तीत नट, गायक, वादक यांच्याबरोबर व्याख्यान देणारी व्यक्तीही येते, आणि त्याच कायद्याच्या कलम 39 नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण हा सादरकर्त्याच्या हक्काचा भंग ठरत नाही. पोहण्याची शिकवणी त्या व्याख्येत कितपत बसते यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा, पण घरी पाहणे आणि जगाला दाखवणे यांत कायदाही फरक करतो, एवढे त्यातून दिसते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. घरगुती वापराला त्यातून सूट असली, तरी जाहिरातीसाठी पेज चालवणाऱ्या संस्थेला त्या सवलतीआड लपता येणार नाही.

आता चित्रीकरणात आलेल्या इतरांविषयी. पोहण्याचा वर्ग हा शाळेच्या वर्गासारखा नसतो. तिथे मुले अपुऱ्या कपड्यांत असतात, घाबरलेली असतात, रडतात, नाकातोंडात पाणी गेले की ओकतातही. एका व्हिडिओत मागून प्रशिक्षकाचा आवाज येतो, "अरे, किती भेतं हे पोट्टं!" आणि त्यावर काठावरची माणसे हसतात. मुलगा चित्रात नव्हता, पण त्याचे नाव स्पष्ट ऐकू येत होते, आणि गावात त्या नावाचा तेवढ्या वयाचा मुलगा एकच आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याने तलावावर जायचे नाव काढले नाही. व्हिडिओ टाकणाऱ्याने स्वतःच्या मुलीचे चित्रण केले होते आणि मागच्या आवाजाकडे त्याचे लक्षच गेले नव्हते. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचीही ओळख पटते, ही खेड्यातली वस्तुस्थिती आहे; शहरात गर्दीत जे खपून जाते ते इथे खपत नाही.

महिलांच्या बॅचबाबत हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवे. आमच्या भागातली लग्न झालेली बाई पोहायला शिकते म्हणते, तेव्हा तिने घरात किती जणांची समजूत घातलेली असते, हे बाहेरच्याला कळणार नाही. तिथे मैत्रिणीने हौसेने काढलेला आणि स्टेटसला ठेवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिचे शिकणे कायमचे बंद पाडू शकतो. स्टेटस 24 तासांनी जातो हे खरे, पण तेवढ्या वेळात कोणीही त्याचा स्क्रीनशॉट काढू शकतो. महिलांच्या वेळेत पाण्याच्या बाजूला मोबाईल आणूच नये, असा नियम प्रत्येक तलावावर असावा आणि तो प्रशिक्षकांनाही लागू असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कपडे बदलण्याच्या खोल्यांविषयी तर वेगळे सांगायची गरज पडू नये. संमतीशिवाय कोणाच्या गुप्तांगाचे चित्रण किंवा प्रसार करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

दोष पालकांचाच आहे असेही नाही. शिबिराच्या प्रवेश अर्जात तळाशी बारीक अक्षरात "पाल्याची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास माझी हरकत नाही" अशी ओळ छापलेली असते, आणि रांगेत उभा असलेला पालक फी, आधारची झेरॉक्स व वैद्यकीय दाखला सांभाळत त्याखाली सही करून मोकळा होतो. अशा सहीच्या आधारे पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत त्या मुलाला झळकवणे मला पटत नाही. अर्ज एक आणि संमतीपत्र वेगळे असावे, व संमती नाकारली म्हणून प्रवेश अडू नये.

विचारायचे कसे, याचे उत्तर अवघड नाही. व्हिडिओचा नेमका कोणता भाग, कुठे, आणि किती लोकांना दिसेल अशा रीतीने टाकणार, हे सांगून तो भाग आधी दाखवावा आणि उत्तराची वाट पाहावी. संदेशाखाली निळ्या खुणा आल्या म्हणजे होकार आला, असे होत नाही. खाली "सौजन्य: अमुक सर" लिहिल्यानेही परवानगीचे काम भागत नाही, उलट ज्यांना आपले नाव नको असेल त्यांची त्यात अधिकच अडचण होते. नकार आला तर कारण विचारत बसू नये, आणि होकार दिलेल्याने पुढे कधी काढून टाकायला सांगितले तर तेही मुकाट्याने करावे. फक्त स्वतःचे मूल दिसेल इतके जवळून चित्रण करावे, मागचा आवाज बंद करावा, शिबिराची रोजची वेळ आणि ठिकाण लिहू नये. मोजक्याच लोकांना दाखवायचे असेल तर यूट्यूबवर "प्रायव्हेट" हा पर्याय आहे. "अनलिस्टेड" ठेवलेल्या व्हिडिओची लिंक मात्र ज्याला मिळेल तो पाहू शकतो आणि लिंक पुढे ढकलायला कितीसा वेळ लागतो? एकदा बाहेर पडलेले परत आणणे जवळपास अशक्य असते. 18 वर्षांखालील मुलांची छायाचित्रे शोधनिकालांतून काढण्याची विनंती गुगलकडे 2021 पासून करता येते, पण त्यामुळे मूळ जागी असलेले छायाचित्र पुसले जात नाही.

खरी गरज आहे ती प्रशिक्षकांनी स्वतः, पालकांच्या लेखी संमतीने किंवा प्रौढ विद्यार्थ्यांना घेऊन, खेड्यांसाठी वेगळे व्हिडिओ तयार करण्याची. ब्रेस्ट स्ट्रोकची किक, म्हणजे बेडकासारखे पाय मारणे, ओट्यावर किंवा बाजेवर पालथे झोपूनही दाखवता येते. त्यासाठी कोणाच्या मुलाला ओल्या कपड्यांत उभे करायची गरज नाही. पाठीवर तरंगणे, आणि बुडणाऱ्यामागे उडी न घेता काठावरून दोर, बांबू किंवा साडी त्याच्याकडे टाकणे, एवढे दोन पाठ जरी वऱ्हाडी आणि झाडीबोलीत नीट तयार झाले तरी ते हक्काने सगळ्या ग्रुपवर फिरवता येतील. संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा बुडून होणारे मृत्यू टाळण्याचा जागतिक दिवस ठरवला आहे. आपल्याकडे त्या सुमारास तलाव भरत आलेले असतात आणि विसर्जनाचे दिवस पुढ्यात असतात, तेव्हा हे पाठ त्याआधी गावांत पोहोचणे सोयीचे होईल.

एक विनंती आपल्याकडेही आहे. उन्हाळी शिबिरांची छायाचित्रे आणि व्हिडिओ वाचक आपल्या वृत्तपत्राकडे पाठवतात व ते आपल्या तालुका पुरवणीत आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. ते घेताना मुलांच्या पालकांची आणि प्रशिक्षकाची संमती घेतली आहे का, हे पाठवणाऱ्याला लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत प्रसिद्धी थांबवावी.

कळावे, लोभ असावा.

एक पालक,
ता. साकोली, जि. भंडारा